मास्टरांच्या पेटीचा भाता

मला कुठेही गाठून लोक एकच प्रश्न विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात. परवा तर डोळ्यांच्या डॉक्टरने आधी थेंब घालून मला आंधळा केलं आणि मग विचारलं, "पांचाळ, तुम्ही मास्टरांची पेटी दुरुस्त करता ना? मग खरं सांगा, हा माणूस एवढ्या नावाच्या लायकीचा आहे का हो?"

मास्टर म्हणजे कोण, ते मी इथे लिहिणार नाही. हिंदी सिनेमाचे फार मोठे संगीतकार, एवढं पुरे. तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये या क्षणी त्यांचं गाणं असणार. नाव लिहिलं तर त्यांचे चाहते माझ्या दुकानावर दगड मारतील, आणि ते चुकले तर त्यांना शिव्या घालणारे मारतील. दुकान भाड्याचं आहे.

आमच्या घरातच या प्रश्नावरून फाळणी झालेली आहे. माझी बायको शैला मास्टरांची भक्त. तिचा धाकटा भाऊ मधू, राहणार मुलुंड पूर्व, सरकारी कचेरीतून निवृत्त, हा त्यांचा हाडवैरी. मधू भजनी बुवा आहे. म्हणजे मंडळात मधोमध बसून पेटी वाजवतो, गातो आणि कोरस चुकला की डोळे वटारतो. त्याने दोनशे पानी वही केली आहे. डाव्या पानावर मास्टरांचं गाणं, उजव्या पानावर ते कुठून उचललं त्याचा पत्ता. अमक्या देशाचं लोकगीत, तमक्या प्रांतातली अंगाई, एक गाणं तर म्हणे वरातीच्या बँडवरून. "मधू, तुला जन्मात एक तरी चाल लावता आली का रे?" असं शैला विचारते, आणि मधू ताटावरून उठतो. आजवर चार वेळा उठलाय, त्यातला एकदा श्रीखंड यायच्या आधी, म्हणजे राग खरा असणार.

आता माझ्या धंद्याविषयी थोडं. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. हवा लागली की जीभ थरथरते आणि आवाज निघतो. जीभ टोकाला तासली की सूर चढतो, मुळाशी तासली की उतरतो, आणि जास्त तासली की गिऱ्हाईक जातं. हवा देणारे भाते दोन. बाहेरचा हाताने हलवायचा, आणि आतला, जो कुणाला दिसत नाही, तो हवा साठवून ठेवतो. माणसाचा दम छातीत, पेटीचा दम आतल्या भात्यात. हे काम मला माझ्या वडिलांनी शिकवलं. ते मालवणकडचे, गिरणीत सुतारकाम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पेट्या उघडायचे. त्यांनी मला एकच नियम घालून दिला. गिऱ्हाईकाची पेटी म्हणजे शेजाऱ्याचं मूल. नाक पुसा, अंघोळ घाला, पण तिसऱ्याच्या कडेवर द्यायचं नाही.

पेटीत काय काय सापडतं ते ऐकाल तर पेटीला हात लावणार नाही. झुरळं तर असतातच. उंदराने नोटेशनच्या वहीचं केलेलं घरटं सापडतं, पेपरमिंटच्या गोळ्या सापडतात. एकदा बोरिवलीच्या एका बाईंच्या पेटीत सोन्याची कुडी सापडली. मी आनंदाने फोन केला. मग बाई म्हणाल्या, "अहो, त्या कुडीवरून मी जावेशी आठ वर्षं बोलत नाहीये. आता मी काय करू?" मी म्हटलं, जावेला फोन करा. त्या म्हणाल्या, "तुम्ही असं करा, ती परत आतच टाका." मी टाकली नाही. दुकानात बोलावून हातात दिली. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, पण बाईंनी पेटी त्यानंतर दुसऱ्याकडे न्यायला सुरुवात केली.

मास्टर माझ्याकडे पहिल्यांदा आले त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा ते मास्टर नव्हते. घाटकोपरच्या एका चाळीत राहणारा, खांद्याला शबनम लावलेला, दाढी वाढलेला माणूस. पेटी रिक्षातून स्वतः उचलून आणली होती. जुनीपुराणी, कुठल्या तरी मोडलेल्या भजनी मंडळाकडून घेतलेली. मी उघडून बघितली तर आतल्या भात्याच्या घडीत करंगळीएवढी फट. म्हटलं, "भाता बदलावा लागेल." ते म्हणाले, "आत्ता परवडत नाही रे. सूर तेवढे लावून दे." मी सूर लावले. सहा महिन्यांनी त्यांचं पहिलं गाणं आलं आणि रिक्षा, पानपट्टी, गणपतीचा मंडप, जिथे तिथे तेच वाजू लागलं. मग ते गाडीतून आले. मी म्हटलं, "आता परवडेल. भाता बदलू?" तर दोन्ही हात पेटीवर ठेवून उभे राहिले. "पांचाळ, भात्याला हात लावायचा नाही. काय आहे ते आहे."

तेव्हापासून दर वर्षी गणपतीनंतर पेटी यायची. मी सूर लावायचो, पट्ट्या सारख्या करायचो, पॉलिश मारायचो आणि भात्याकडे न बघता पेटी बंद करायचो.

आता त्या गाण्यांबद्दल. मास्टरांच्या गाण्यात एक थांबा असतो, तुम्हीही ऐकला असणार. ओळ छान चाललेली असते आणि शेवटाच्या जरा आधी क्षणभर थांबते, सांगायला आलेल्या माणसाने उंबऱ्यात थबकावं तशी. मग पुढे जाते. लोक त्या थांब्यावर जीव टाकतात. टीव्हीवरच्या स्पर्धेत पोरं तो थांबा घेऊन डोळे मिटतात, परीक्षक उभे राहतात. एका प्राध्यापकाने त्यावर भाषण दिलं, त्यात विरह होता, शून्य होतं आणि उपनिषदही होतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि पोटात हसू मावत नव्हतं. कारण मला ठाऊक होतं की फुटक्या भात्यात ओळ पुरी होण्याइतकी हवा टिकतच नाही. हात परत मारावा लागतो. तेवढ्या वेळात चाल थांबते. तो विरहबिरह काही नाही, करंगळीएवढी फट आहे.

खरं सांगायचं तर मला याचा अभिमान होता. मी कुणाला बोललो नाही, पण मास्टरांना मोठं बक्षीस मिळालं की रात्री जेवताना मी एक चपाती जास्त खायचो. ती फट मी बुजवली नव्हती म्हणून हे सगळं, असं मनात यायचं. न केलेल्या कामाचा एवढा गर्व कुणी केला नसेल.

दोन वर्षांपूर्वी गौरीच्या जेवणाला आम्ही मुलुंडला मधूकडे होतो. वही निघाली. मधू म्हणाला, "भावोजी, हा माणूस चोर आहे. याचं स्वतःचं काय आहे, दाखवा."

शैला म्हणाली, "थांबा आहे ना! तो कुणाचा आहे? लिहिलायस का वहीत?"

मधू अडला. थांब्याचं मूळ त्याला कुठेच सापडलं नव्हतं, उजवं पान कोरं होतं. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चोवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मोदकांबरोबर वर आली. मी फटीचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, सगळे माझ्याकडे आदराने बघतील.

मधू उभाच राहिला. "म्हणजे तोसुद्धा त्याचा नाही! पेटीचा आहे! अहो, मग त्या पेटीवर कुणीही बसलं तरी मास्टर होईल. मला द्या चार दिवस, मी लावून दाखवतो चाल."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात फिरत राहिलं.

पंधरा दिवसांनी पेटी दुकानात आली. मास्टर मुलीकडे परदेशी गेले होते, तीन आठवडे येणार नव्हते. मधूचे रोज फोन. एका गुरुवारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पेटी चादरीत गुंडाळली आणि मुलुंडला नेऊन दिली. वडिलांचा नियम मोडला. मधूने गळ घातली म्हणून मोडला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, पण ते खोटं होतं. मलाच बघायचं होतं. ती पेटी दुसऱ्याच्या हातात तसंच गायली, तर चोवीस वर्षांचं निम्मं श्रेय माझं ठरणार होतं.

मधूने चार दिवस दार लावून घेतलं. त्याच्या बायकोचा फोन यायचा. "भावोजी, हे जेवत नाहीत. मधेच ओरडतात, सापडलं! मग परत शांत." रविवारी संध्याकाळी त्यांच्या सोसायटीत सत्यनारायण होता आणि मधूच्या मंडळाचं भजन. मधूने मला आणि शैलाला खास बोलावलं. हॉलमध्ये ताज्या रंगाचा वास येत होता. मी मनात म्हटलं, सोसायटीने भिंती रंगवून घेतलेल्या दिसतात. पेटी दुपारपासूनच हॉलमध्ये मधोमध ठेवलेली, तिच्या पुढच्या बाजूवर शाल टाकलेली. मधूने आवाज साफ केला आणि सांगितलं, "आता एक अभंग. चाल स्वतंत्र आहे."

काय सांगू, चाल सुरेख होती. आणि ओळीच्या शेवटाआधी बरोब्बर थांबा. माझ्या अंगावर काटा आला. मी खरा ठरलो! दुसऱ्या आवर्तनाला मागे बसलेल्या बायका गुणगुणायला लागल्या. मधूचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच ऐकतायत आणि साथ देतायत, म्हणजे चाल काय असेल! तिसऱ्या आवर्तनाला बायका मधूच्या पुढे गेल्या. तो अंतऱ्याला पोहोचायच्या आत त्या तिथे जाऊन त्याची वाट बघत होत्या. मधू गोंधळला. शैला माझ्या शेजारी होती, ती आधी ओठ चावून बसली होती, पण बहीण म्हटल्यावर किती वेळ गप्प बसणार?

"मधू," ती म्हणाली, "अरे, हे गच्चीवरचं गाणं ना! ती कपडे वाळत घालते आणि तो टाकीमागे लपतो, ते!"

हॉलमध्ये जो हशा उठला त्यात सत्यनारायणाचे भटजीही सामील होते. मास्टरांचंच गाणं. थांब्यासकट, मुखड्यासकट, मधूने चार दिवस खपून जसंच्या तसं शोधून काढलं होतं, अंतऱ्यातली एक जागा तेवढी वेगळी. मी मधूकडे बघितलं आणि मला हसू येईना. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. बासष्टाव्या वर्षी आपल्याला पहिली चाल झाली, असं वाटून तो चार दिवस उपाशी राहिला होता. आणि त्याच्या चालीबरोबर माझं श्रेयही कपडे वाळत घालायला गेलं होतं.

एवढ्यात मंडळात टाळ वाजवणारा दिनू पुढे आला. दिनू पाट्या रंगवतो. वातावरण सावरायला म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "बुवांनी मंडळासाठी नवी पेटी आणली, त्याबद्दल आपल्या सगळ्यांतर्फे छोटीशी भेट!" आणि त्याने शाल ओढली.

भजनी मंडळाच्या पेटीवर मंडळाचं नाव घालायची पद्धत असते. कुठे पाटी ठोकतात, कुठे रंगवतात. दिनूने मास्टरांच्या पेटीवर पिवळ्या ऑइलपेंटने, अक्षरांना लाल सावली देऊन लिहिलं होतं: श्री देव आंबेश्वर प्रासादिक भजन मंडळ, मुलुंड (पूर्व). खाली बुवांचा मोबाइल नंबर. दोन्ही कोपऱ्यांत एकेक कमळ.

"दिन्या, वाट लावलीस माझी!" मधू ओरडला.

"का? 'प्रासादिक' चुकलं काय?" दिनू म्हणाला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं मेहुणे दुकानात टर्पेंटाइन घेऊन बसलो. रंगाबरोबर पॉलिश निघायला लागलं. 'श्री देव' गेले, तिथे पांढरा चट्टा उमटला, पण आंबेश्वर जाईना. दुपारी फोन वाजला. मास्टर म्हणाले, "पांचाळ, लवकर आलो रे. नवं काम आलंय. पेटी घेऊन ये." मी म्हटलं, थोडं पॉलिश बाकी आहे. ते म्हणाले, "पॉलिश काय चाटायचंय? आज आण."

एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक आणि वडिलांचं नाव, दोन्ही त्या चादरीत बांधलेलं होतं. खोटं बोलायचे तीन मार्ग मधूने अंधेरी स्टेशनपर्यंत सुचवले. यारी रोडला पोहोचेपर्यंत मी तिन्ही नाकारले होते, कारण एकातही आंबेश्वराचं स्पष्टीकरण नव्हतं.

मास्टरांचं घर वर्सोव्याला सातव्या मजल्यावर आहे. वारा असला की कोळीवाड्यातल्या सुक्या मासळीचा वास थेट दिवाणखान्यात येतो. त्याच्यावरून वहिनी, म्हणजे मास्टरांच्या पत्नी, खिडक्या लावतात आणि मास्टर उघडतात. मी पेटी ठेवली आणि चादर काढली. मास्टर चष्मा लावून वाकले. मोठ्याने वाचलं, "आंबेश्वर प्रासादिक भजन मंडळ." मग खिशातून फोन काढला आणि खालचा नंबर फिरवला.

माझ्या शेजारी मधूच्या खिशात मास्टरांचंच गाणं वाजायला लागलं.

"सुनेनं लावून दिलंय," मधू पुटपुटला.

मग मी सगळं सांगितलं. फट, मोदक, वही, चार दिवस, दिनू. वहीचं नाव निघताच मधूने मला चिमटा काढला, पण मी थांबलो नाही. मास्टर मधूकडे वळले. "चाल लावलीस? म्हणून दाखव."

"साहेब, ती तुमचीच निघाली."

"ते ऐकलं मी. म्हण."

मधूने गायलं. पहिल्या ओळीला आवाज कापत होता, मग भजनी माणूस, रंगला. अंतऱ्यात ती वेगळी जागा आली तेव्हा मास्टरांनी हात वर केला. "परत." मधूने परत म्हटलं. "मी इथे वर गेलोय. तू खाली का उतरलास?"

"वर गेलो तर आमच्या कोरसचा दम पुरत नाही, साहेब. दोघांना बीपी आहे."

मास्टर एवढे हसले की वहिनी आतून बघायला आल्या. मग हसू ओसरल्यावर त्यांनी पेटी ओढली, ती जागा दोनदा वाजवली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ही मी घेऊ का?"

वीस वर्षं या माणसाला चोर म्हणणाऱ्या माझ्या मेहुण्याने हात जोडले. "घ्या की, साहेब."

मला वाटलं, सुटलो. पण मास्टर माझ्याकडे वळले तेव्हा चेहरा बदललेला होता. "पेटीवर रंग लागला त्याचं काही नाही. पण यापुढे पेटी दुकानात येणार नाही. काय करायचं ते इथे, माझ्यासमोर बसून करायचं." मी मान हलवली. कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने तेच हळू आवाजात म्हणाले, "तुला बघायचं होतं ना, त्या फटीत काय आहे? मला विचारायचं होतंस. मीही इतकी वर्षं तेच बघतोय."

मी चादरीची घडी घालायला लागलो.

"लोक मला चोर म्हणतात, त्याचं मला वाईट वाटत नाही," ते म्हणाले. "थोडं खरंही आहे. कानावर पडलेलं कुठे जातं? पण थांबा माझा आहे असं लोक म्हणतात, तेव्हा मला झोप येत नाही. बुजव ती फट."

"मास्टर, नवं काम हातात आहे. आत्ता नको."

"आत्ताच. मला कळू दे एकदा."

दोन दिवस मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून आतला भाता उघडला, कुजलेली घडी कापून काढली, सरस लावून नवी कातडी पट्टी बसवली. हा माणूस बुडाला तर मी बुडवला, आणि तरला तर एवढी वर्षं मी कुणीच नव्हतो. दोन्हीकडून माझंच नुकसान होतं, आणि तरी मी देवाला हेच म्हटलं की तरू दे. काम झाल्यावर मास्टरांनी एक सूर दाबून धरला. हवा संपेचना. ते त्या लांबलेल्या सुराकडे परक्यासारखे बघत बसले.

सिनेमा यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी जास्तीची चपाती सोडली. एका सकाळी शैला फोन कानाला लावून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तो माझ्या कानाला लावला. नवं गाणं. अंतऱ्यात मधूची जागा होती, पण मास्टरांनी तिचा शेवटचा सूर गाळला होता. मधू पायरी पायरीने खाली येऊन तळाला बसायचा. हे गाणं शेवटची पायरी सोडून अधांतरी थांबलं. आणि तिथेच तो थांबा. पूर्वीसारखाच, उलट जरा जास्तच लांब. भाता मी स्वतःच्या हाताने बंद केलेला होता.

मधूने ते गाणं किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. संध्याकाळी तो घरी आला. चप्पलही न काढता म्हणाला, "भावोजी, चार दिवस ती जागा माझ्या हातात होती. शेवटचा सूर टाकून द्यायचा असतो, हे मला सुचलं नाही. अजून शंभर वर्षं सुचलं नसतं." हे तो मनापासून बोलला. दुसऱ्या दिवसापासून मात्र मुलुंडभर सांगत सुटला की मास्टरांनी माझी चाल चोरली. मी म्हटलं, "अरे, विचारून घेतली ना? तू हात जोडून दिलीस." तर म्हणतो, "दिली म्हटलं तर कोण थांबतंय ऐकायला? चोरली म्हटलं की चहा पाजतात."

लोकांच्या प्रश्नाला आता मी उत्तर देतो. लायकीचा आहे, म्हणतो. पुरावा विचारला तर मधूचा नंबर देतो.

गाणं सगळीकडे वाजायला लागल्यावर मास्टरांचा फोन आला. "ये जरा." मला वाटलं, पेढे. गेलो तर दिवाणखान्याच्या खिडक्या बंद, पंखा बंद, पेटी मधोमध आणि मास्टर घामाघूम. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "पांचाळ, खरं सांगायचं. पूर्ण बुजवली होतीस ना? का म्हाताऱ्याची दया येऊन थोडी ठेवलीस?"

"तुमच्यासमोर तर केलं, मास्टर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

मी देव्हाऱ्यातून एक उदबत्ती मागून घेतली. भाता गळतो का ते बघायची आमची हीच रीत. भात्यात हवा भरायची, उदबत्ती सांध्यांजवळ धरायची. कुठे बारीकशी गळती असली तरी धूर तिथे हलतो. मी पेटीचं झाकण आणि आतली फळी काढली, हवा भरली. उदबत्ती मास्टरांनी माझ्या हातातून काढून घेतली. अख्खा देश ज्याची गाणी गातो तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि एकेका कोपऱ्यापाशी उदबत्ती नेऊन श्वास रोखून बघू लागला.

"हलतोय का रे?"

"नाही."

"नीट बघ. माझी नजर गेलीय."

"सरळ वर जातोय, मास्टर."

त्यांनी परत पहिल्यापासून चारी कोपरे केले. राख पेटीत पडली, ती मी बोटाने टिपत गेलो. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "काय चाललंय? पेटीची आरती?" उदबत्ती संपत आली तेव्हा मास्टर मागे सरकून भिंतीला टेकून बसले. डोळ्यांत पाणी होतं, धुराचं असेल किंवा नसेल.

"म्हणजे माझाच होता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आता पुढचं गाणं पडलं तर कुणावर ढकलू?"

"माझ्यावर ढकला," मी म्हटलं. "श्रेय मी आधीच घेऊन ठेवलंय."

ते हसले. चहा झाला. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी पेटीला चादर घातली, गाठ मारली आणि ती माझ्यापुढे सरकवली. "काळी चारची पट्टी थोडी रडतेय. दुकानात ने आणि सावकाश लाव. मला घाई नाही."

रिक्षात मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. यारी रोडवर ट्रॅफिक होता, मांडी अवघडली, पण बाजूला ठेवावीशी वाटेना. खिशात फोन वाजत होता. मुलुंडहून मधू होता. मी उचलला नाही.